एकही घर सोडलं नाही

लोकांना सभेला कसं आणायचं, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. बचतगटाच्या बायका, अंगणवाडीताई, नव्याने निवडून आलेल्या आणि नवऱ्याकडे बघून सही करणाऱ्या सदस्या, अशा सगळ्यांना सतरंजीवर बसवून मी एकच गोष्ट सांगत आले. आमच्या गावात ग्रामसभेला बाई फिरकत नव्हती. मग एका मुलीने कुंकवाचा करंडा हातात घेतला, दारोदार बोलावणं केलं, उंबऱ्यात उभं राहून गावाच्या तळ्याची कहाणी सांगितली, आणि शाळेचं पटांगण बायकांनी भरून गेलं. ती मुलगी मीच, हे अगदी शेवटी सांगायचं. तेव्हा टाळ्या पडतात. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिचे सगळे कंगोरे झिजून गेले आहेत. इथे ती कंगोऱ्यांसकट सांगायची आहे. जमेल की नाही कोण जाणे, कारण गोड करून सांगायची खोड आता हाडात मुरली आहे.

आमचं घर वसईकडच्या निर्मळहून सायकलने दहा मिनिटांवर, केळीच्या वाड्यांत. सकाळी पहिला आवाज पाण्याच्या पंपाचा, मग पलीकडच्या ख्रिस्ती आळीतल्या चर्चची घंटा, मग फुलांच्या पाट्या बांधून निघालेल्या सायकलींच्या घंट्या. या सगळ्यांवर कडी करायचा तो आईचा पाटा-वरवंटा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि केळफुलाची भाजी, एवढ्यावर आईने आम्हाला वाढवलं, आणि केळफूल सोलून काळ्या झालेल्या बोटांनीच तिने माझ्या वेण्या घातल्या. बाबा ग्रामपंचायतीत कारकून होते. सभांचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांचं, आणि त्यांचं अक्षर असं की तलाठीसुद्धा दाद द्यायचा. घरातही ते इतिवृत्तातलीच भाषा बोलायचे. पानावर बसताना म्हणायचे, "विषय क्रमांक एक, भात." आई म्हणायची, "विषय क्रमांक दोन, स्वतः वाढून घ्या." हे रोजचं होतं आणि रोज आम्ही हसत होतो. आज विरारला, माझ्या फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी जेवायला बसते तेव्हा विषय क्रमांक एक असं मनात म्हणते, पण पुढचं कोणी बोलत नाही.

आमच्या कुंपणापलीकडे हिराकाकीची वाडी होती. काकी नात्याची नव्हे, शेजारची. नवरा लग्नानंतर चार-पाच वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही, सासरचं कोणी उरलेलं नाही. पंधरा-वीस सोनचाफ्याची झाडं, थोडा मोगरा, आणि वाडीला लागून गावाचं बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडे वाड्यांमधून असतं ते खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जिरतं, आणि त्याच्या जोरावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. ते नसेल तर खाडीचं खारं पाणी आत सरकायला वेळ लागत नाही. काकीची सगळी बाग त्या बावखलावर उभी होती. ती रोज पहाटे आमच्या देवांसाठी मूठभर फुलं कुंपणावर ठेवायची, आणि दुपारी तिच्या पडवीत मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे, अभ्यास न करण्यासाठी. काकी फुलं ओवता ओवता गोष्टी सांगायची. सांगताना तिचे हात कधी थांबायचे नाहीत. थांबलेच तर समजायचं, आता गोष्टीत काहीतरी वाईट होणार. पुढे मी प्रशिक्षणांत विराम कुठे घ्यावा हे शिकवायचे, ते तिच्या हातांकडून शिकलेलं होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ते बावखल बुजवायचं ठरू लागलं. जागा गावठाणाची, त्यावर लग्नाकार्यांसाठी हॉल बांधायचा, भरणी करून द्यायला एक बांधकामवाला तयार होता. ग्रामसभेने ठराव केला की झालं. आणि ग्रामसभा म्हणजे काय, तर ठरलेली आठ-दहा पुरुषमाणसं, चहा आणि बाबांची वही. मी तेव्हा तोंडाची फटकळ आणि अकलेची बेताची होते. मला वाटलं, लोकांना नुसतं कळलं तरी ते धावत येतील. म्हणून मी आणि कॉलेजातल्या चौघांनी फलकांवर कागद चिकटवले, भाड्याच्या रिक्षाला भोंगा बांधला, माझ्या आवाजात "लोकशाही आपल्या दारी" वगैरे कॅसेट वाजवत गावभर फिरवली. रिक्षामागे पोरं धावली आणि एक कुत्रं. सभेला तेच आठ-दहा आले. कोरम भरला नाही म्हणून सभा पंधरा दिवस पुढे गेली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे पुढच्या वेळी तेच आठ-दहा जण ठराव करून मोकळे होणार होते.

मी काकीच्या पडवीत जाऊन रडले. काकी ओवत होती.

"कागद चिकटवून कोन येतं गो?" ती म्हणाली. "उद्या तुझं लगीन निघालं आनि तुझ्या आईने भिंतीवर कागद लावला, तर मी येईन का जेवायला?"

"मग काय करू?"

"बोलावनं कर. घरोघरी जा. उंबऱ्यात उभी रहा, नाव घेऊन सांग. सगल्यांना सांगितलं ते कोनालाच सांगितलं नाय. आनि नुसतं या म्हनू नको. कायतरी सांग त्यांना."

"काय सांगू?"

तेव्हा तिने मला बावखलाची गोष्ट सांगितली. एका वर्षी मृगच काय, आषाढही कोरडा गेला, गावातल्या विहिरी तळाला गेल्या, आणि सगळं गाव, हिंदू-ख्रिस्ती, घागरी घेऊन या बावखलावर रांगेला आलं. काकीचा सासरा काठी घेऊन बसायचा, पण कुणाला अडवायला नव्हे, तर म्हाताऱ्यांना पुढे घ्यायला. ही गोष्ट मी आमच्याकडे बायका श्रावणात हातात अक्षता घेऊन ऐकतात तशा कहाणीच्या चालीवर बसवली. "ऐका बावखला, तुमची कहाणी" अशी सुरुवात, आणि शेवटी साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण न करता मी म्हणायचे, "ही कहाणी अजून संपलेली नाही. ती रविवारी शाळेच्या पटांगणात पुरी करायची आहे, आणि ती तुमच्या हातून व्हायची आहे." आज ऐकताना थोडं नाटकी वाटतं. तेव्हा त्याने काम केलं.

आईने तिचा पितळी करंडा दिला. हळद, कुंकू, एका पुडीत अक्षता. ख्रिस्ती घरांत कुंकू चालायचं नाही, म्हणून तिथे काय करायचं यावर मी रात्रभर डोकं चालवलं, आणि सकाळी काकीकडे जाऊन विचारलं. तिने त्या दिवशीची अर्धी परडी माझ्या पिशवीत ओतली. "त्यांना फूल दे," म्हणाली. "फुलाला कोन नको म्हनत नाय." तीन दिवस मी फिरले. बायका आधी हसल्या, मग पदर सारखा करून उभ्या राहिल्या. कुंकू लावलं की बाई पाठ फिरवत नाही, हे मला कळलं. कहाणी ऐकताना त्यांच्या मुठी अक्षतांवर मिटायच्या. ख्रिस्ती आळीतल्या एका आजीने चाफा केसांत खोचला आणि म्हणाली, "आमाला आजवर मत मागायला आले, बोलवायला कोनी नाय आलं." मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीची पाळी होती. शेजारचं शेवटी ठेवलं होतं, घरचंच म्हणून. काकी पडवीत ओवत बसली होती. मला फाटकाशी बघून तिचे हात थांबले. ती उठली, मांडीवरच्या पाकळ्या झटकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पायरीपर्यंत आली. मी फाटकाला हात लावला आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझ्या दुसऱ्या हातात करंडा आहे.

ते लक्षात येणं मला नीट सांगता यायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. कुणी मला अडवलं नाही. आई बरोबर नव्हती, कुणी म्हातारी टोकायला नव्हती. गावात विधवा का कमी होत्या? पण त्यांच्या घरांत सुना होत्या, लेकी होत्या. मी सुनेला कुंकू लावत होते आणि बोलावणं घराला पोचत होतं. जिथे कुंकू लावायला कोणीच नाही असं घर सबंध गावात एकच होतं, आणि मी त्याच्याच दारात उभी होते. करंडा उघडून कुंकू न लावताच बोलावलं तर तिच्या कपाळाकडे बोट दाखवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. म्हणजे मी तिचीच लाज राखते आहे असं मी स्वतःला सांगितलं. पिशवीत फुलं होती. तिचीच फुलं. परक्या घरांसाठी मला फूल सुचलं, आणि जिने ते सुचवलं तिच्यासाठी नाही सुचलं.

"काकी, येते हं नंतर," मी म्हटलं.

"ये बाय," ती म्हणाली.

ती पायरीवर उभीच होती. मी पुढे गेले. करंडा घरी ठेवून नुसतीच येईन आणि सांगेन, असं खरंच मनात होतं. घरी गेले तर माझ्या बरोबरीचे चौघे आले होते, पटांगणात सतरंज्या कुठून आणायच्या याची चर्चा चालली होती. मी त्यात पडले. विसरले म्हणणं सोपं आहे. त्या दोन दिवसांत मला दोनदा आठवलं आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, काकीला काय सांगायचं, तिला तर सगळं ठाऊकच आहे, कल्पनाच तिची.

रविवारी पटांगण भरलं. बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या दाटीने बसल्या होत्या, कडेला ख्रिस्ती आळीतल्या आज्या. सरपंच गोंधळून गेले होते. त्यांनी मला पुढे बोलावलं, माइक हातात दिला, "हिने एकटीने केलं" म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. बाबा टेबलाशी वही उघडून बसले होते, खाली बघत हसत होते. मग विषय निघाला. सरपंचांनी हॉलचं वर्णन केलं: स्वयंपाकाची वेगळी जागा, बायकांना कपडे बदलायला खोली, पावसात मांडवाची भानगड नाही. मी बघत होते, बायकांचे चेहरे पालटत होते. आणलेल्या माणसांना स्वतःचंही मत असतं, हे मी धरलंच नव्हतं. तरी मागून एकीने विचारलं, "पन हिराबायच्या बागेचं काय? तिचं पानी जाईल ना?"

सरपंचांनी इकडे-तिकडे पाहिलं. "हिराबाई आल्यात का?" नव्हती आली. मला वाटलं होतं, असेल कुठेतरी मागे. मी तोवर बघितलंच नव्हतं.

"त्यांना बोलावणं होतं ना?" सरपंचांनी मला विचारलं. साधा प्रश्न होता. त्यांच्या मनात काही डाव नव्हता असं मला आजही वाटतं. माइक माझ्याच हातात होता.

एवढंच म्हणायचं होतं, "नाही, राहिलं, पाच मिनिटं थांबा, मी घेऊन येते." तिचं घर दिसत होतं तिथून. पण मग कुणी विचारलं असतं, का राहिलं? आणि त्या एवढ्या बायकांसमोर, ज्यांतल्या कितीतरी जणींची कपाळं रिकामी होती, मला कारण सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं. "एकही घर सोडलं नाही."

"मग त्यांची हरकत नाही असं धरायला हरकत नाही," सरपंच म्हणाले, आणि लोक हसलेसुद्धा. ज्या बाईने विचारलं होतं ती म्हणाली, "तिलाच नाय पडलेली तर आपन कशाला," आणि तिचाच हात पहिला वर गेला. बाबांनी लिहिलं. हरकत नाही. वळणदार, शिरोरेषा एकसारखी.

रात्री जेवताना बाबा विषय क्रमांक एक म्हणाले नाहीत. आईने विचारलं, "हिराच्या दारी गेली होतीस?" मी म्हटलं, "गेले होते." ते तसं खोटं नव्हतं. आईने करंडा फडताळात ठेवला आणि मला अजून एक भाकरी वाढली. ती मला खाववेना, पण टाकायचंही धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणावर फुलं होती. नेहमीसारखी, पानात गुंडाळलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होती. ती नसती तर मी गेले असते तिच्याकडे, भांडायला का होईना. रोज ती फुलं मी उचलून देवाजवळ ठेवायचे आणि ठरवायचे, आज संध्याकाळी जाऊ. आठवड्याभराने पिठाच्या गिरणीवर आम्ही समोरासमोर आलो. रांगेतली एक बाई काकीला म्हणाली, "का नाय आली गो त्या दिवशी? तू आली असतीस तर आमी हात वर केला नसता. बोलावनं तर होतं ना?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोष्ट सांगता सांगता पुढचं आठवायला बघावं तसं.

"होतं ना," ती म्हणाली. "माझाच पाय दुखत होता."

मी डबा घेऊन उभी होते. पीठ दळून झालं होतं, गिरणीवाला दोनदा ओरडला. मला तिथेच बोलायला हवं होतं. तिने माझी अब्रू वाचवली आणि मी ती मुकाट घेतली, जशी रोज फुलं घेत होते.

त्या उन्हाळ्यात ट्रक आले, मातीचे आणि मुरुमाचे. बावखल भरायला फार दिवस लागले नाहीत. दुसऱ्या वर्षी काकीच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, तिसऱ्या वर्षी चाफ्याची पानं कडेने जळू लागली. तरी कुंपणावर फुलं येत राहिली, मूठभराची चार झाली, मग दोन. मग तिने वाडी विकली आणि आचोळ्याला भावाच्या मुलाकडे एका खोलीत राहायला गेली. मी तोवर एका संस्थेत नोकरीला लागले होते. त्यांना माझं नाव कुणीतरी सांगितलं होतं, बायकांची सभा भरवणारी मुलगी म्हणून. आचोळ्याला मी एकदाही गेले नाही. विरारहून किती लांब आहे ते? ती गेल्याचं मला आईच्या फोनवरून कळलं, तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणात होते. दुपारचं सत्र माझंच होतं. मी तीच गोष्ट सांगितली, आणि "एकही घर सोडलं नाही" या वाक्यावर टाळ्या पडल्या.

हे सगळं लिहायला बसण्याचं कारण गेल्या महिन्यातलं आहे. माझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर प्रणाली म्हणून एक सून आहे, हुशार, चटपटीत, माझ्या शेवटच्या प्रशिक्षणाला ती होती. आमच्या भागातल्या पाण्यासाठी नागरिकांची सभा तिनेच ठरवली. इमारतींच्या ग्रुपवर मेसेज आलाच होता, पण ग्रुपवरचा मेसेज म्हणजे भिंतीवरचा कागद. शनिवारी संध्याकाळी जिन्यात तिचा आवाज आला. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाबरोबरच बोलावणं करत होती. तीनशे दोनची बेल वाजली. दार उघडलं, बांगड्या वाजल्या, हसणं झालं. प्रणाली नळाची काहीतरी गोष्ट सांगत होती, छान सांगत होती, विराम बरोबर घेत होती. मी उठले. साडीला हात फिरवला, केस सारखे केले, आणि दाराच्या आत येऊन उभी राहिले. पावलं माझ्या दारापर्यंत आली. क्षणभर थांबली. मग तीनशे चारची बेल वाजली.

काकी पायरीवर किती वेळ उभी राहिली असेल, हे मला त्या दिवशी कळलं. मी बराच वेळ उभी होते.

सभेला मी गेले नाही. जायला कुणाची बंदी होती? मीच जन्मभर सांगत आले, सभा हा हक्क आहे, आमंत्रण नव्हे. पण पाय उचलला नाही. रविवारी दुपारी प्रणालीचा फोन आला, धापा टाकत, आनंदात. "काकू, तुम्ही का नाही आलात? अख्खा हॉल पॅक होता. सगळे तुमचंच नाव काढत होते."

पाय दुखत होता, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. कुणीतरी फार प्रेमाने ते माझ्यासाठी ठेवून गेलं होतं. ते म्हटलं असतं तर प्रणालीला काहीच कळलं नसतं, आणि पुढची तीस वर्षं तिनेही टाळ्या घेतल्या असत्या. काकीच्या त्या एका वाक्याने मला वाचवलं आणि तिथेच ठेवलंही.

"मला बोलावणं नव्हतं गं," मी म्हटलं.

"असं कसं काकू?" ती म्हणाली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. तिच्या आवाजात लपवाछपवीचा लवलेश नव्हता. "तुम्ही शिकवलंत अगदी तसंच केलं मी. एकही घर सोडलं नाही."

मी तिला संध्याकाळी वर यायला सांगितलं. चहा ठेवते म्हटलं. एक जुनी गोष्ट आहे, तुला माहीत असलेलीच, पण ती मी तुला चुकीची सांगितली आहे.